गोळेश्वरचे खाशाबा



महाशिवरात्रीला तुम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेला जाता. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० सालचं हे देऊळ. त्या दिवशी उल्हासनगर, बदलापूर आणि आसपासच्या खेड्यापाड्यांतून माणसं नुसती लोटतात. आपल्याकडच्या पुष्कळ जत्रांत कुस्त्यांचा फडही लागतो. नारळापासून कुस्ती सुरू होते आणि शेवटी मोठी जोड लागते.

अशीच एक जत्रा फार पूर्वी ग्रीस देशात ऑलिंपिया या ठिकाणी झ्यूस देवाच्या नावानं भरत असे. इ. स. पूर्व ७७६ पासून तिथल्या विजेत्यांची नावं सांगितली जातात. दर चार वर्षांनी धावणं, थाळीफेक, भालाफेक, रथांच्या शर्यती आणि कुस्त्या होत. मल्ल अंगाला तेल चोळत आणि वर बारीक माती लावत. तीनदा पाडील तो जिंकला. बक्षीस काय? तर रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट! पण विजेत्याच्या नावाबरोबर त्याच्या गावाचंही नाव पुकारलं जाई. अथेन्स नगरात तर अशा वीराला जन्मभर सरकारी पंगतीत जेवायला मिळे. बायकांना आणि गुलामांना मात्र तिथं उतरायला बंदी होती. हे काही मला पटत नाही.

पुढे हे खेळ बंद पडले आणि १८९६ साली पुन्हा सुरू झाले. त्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मराठी मातीतल्या एका गड्यानं नाव काढलं. त्यांची गोष्ट मी आज सांगणार आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ च्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगानं किरकोळ दिसायचे, पण डाव असा टाकायचे की समोरचा भलामोठा गडी केव्हा पडला हे त्यालाच कळायचं नाही.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक होतं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा गेले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला तिथं गादीवर खेळावं लागलं. पायाखालची गादी नवी, नियम नवे! तरीही आपल्या वजनात ते सहावे आले. परत आले ते स्वस्थ बसायला नव्हे. पुढची चार वर्षं त्यांनी घाम गाळला.

१९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचं होतं. पण पैसे कुठून आणायचे? ते दिवस ओढगस्तीचे होते. देश नुकता स्वतंत्र झालेला. आपल्या शेजारी कल्याणच्या छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहात होती आणि १९४९ साली तिचं नाव उल्हासनगर झालं होतं. सगळीकडेच गरज होती. खाशाबांनी दारोदार फिरून मदत मागितली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी काय केलं ठाऊक आहे? आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले!

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनी गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मल्ल यांच्यापुढे मात्र ते हरले. त्या दोघांनी सोन्याचं आणि रुप्याचं पदक घेतलं, आणि खाशाबांना ब्राँझ मिळालं. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक! तसं दुसरं पदक यायला ४४ वर्षं लागली. ते टेनिसपटू लिअँडर पेसनं १९९६ साली आणलं.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्टेशनपासून शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या गाड्या ओळीनं उभ्या केल्या तर आपल्या शाळेपासून पार वेशीबाहेर रांग जाईल! हार-तुरे झाले, ढोल-ताशे वाजले. पण मला जास्त आवडते ती त्यानंतरची गोष्ट. खाशाबांनी कुस्त्या लढवल्या, पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.

१९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि पुढे असिस्टंट कमिशनर होऊन निवृत्त झाले. पण पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. ग्रीक लोक आपल्या वीराला जिवंतपणी पंगतीला बसवत. आपण आपल्या वीराचं पान उशिरा वाढलं. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, हे मात्र चांगलं झालं.

मुलांनो, ते पदक खाशाबांच्या मनगटानं मिळालं खरं. पण त्यामागे एका सरांचं घर होतं आणि गावकऱ्यांची आणा-दोन आण्यांची वर्गणी होती. म्हणून मला वाटतं, तालुक्याच्या खेळांना आपल्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी निवडली गेली, तर बुटांवाचून किंवा गाडीभाड्यावाचून ती घरी राहता कामा नये. ते बघणं तिच्या एकट्या आई-बापाचं काम नाही. ते साऱ्या गावाचं आहे.