मनाशी झुंजलेले तुकोबा

श्रीसंत तुकाराम महाराजांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या महाराष्ट्रात मिळावयाचे नाही. वीणा-टाळ घेतलेली, शांत मुद्रेची त्यांची तसबीर घरोघरी भिंतीवर असते. परंतु ही शांती त्यांना जन्मतः लाभलेली नव्हती. भर तारुण्यात त्यांच्या मनाची जी होरपळ झाली ती फारशी कोणी आठवत नाही.

महाराजांचा जन्म श्रीक्षेत्र देहू येथे शके १५३० (इ. स. १६०८) च्या सुमारास मोरे घराण्यात झाला. वडील बोल्होबा, मातोश्री कनकाई. घरी महाजनकी, दुकान, शेती व सावकारी. विठ्ठलाची पूजा आणि पंढरीची वारी ही तर पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेली. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर पडला व त्यांनी तो नीट पेलला. पुढे मात्र घावामागून घाव बसले. आईवडील निवर्तले, भावजय वारली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ! गुरे मेली, दुकान बसले, दिवाळे निघाले. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा संतूही गेला. पेठेत तोंड दाखवावयाची चोरी झाली. तेव्हा तुकोबांचे वय फार तर बावीस-तेवीस होते.

असे झाले म्हणजे माणूस एक तर खचतो, नाही तर चिडतो. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत शोधीत तेथे पोचले व त्यांना घेऊन इंद्रायणीवर आले. चरित्रकार सांगतात की, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते तेथे मागवून तुकोबांनी त्यांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग त्यांच्या हवाली केला आणि आपला भाग नदीत सोडून दिला. ज्याने वसुलीचे दप्तर सांभाळले आहे त्यालाच ह्या कृतीचे मोल कळेल. दुष्काळाने नागवलेल्या कुळांच्या दारी तगाद्याला जाणे त्या दिवसापासून संपले.

एवढ्याने मन निवांत झाले काय? मुळीच नाही. मग त्यांनी हाताला काम दिले. पूर्वजांचे विठ्ठल मंदिर पडझडीस आले होते, त्याची डागडुजी त्यांनी स्वतः अंगमेहनतीने केली. आपल्या गावच्या ह्या जीर्णोद्धारात ज्यांनी दगडमाती उचलली आहे, त्यांना त्यातले समाधान वेगळे सांगावयास नको. एकादशीस ते कीर्तनाला उभे राहू लागले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते हे त्यांनी स्वतःच अभंगातून मोकळेपणी कबूल केले आहे. म्हणून संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून मनाशी, देवाशी ते भांडले, रडले, आणि ते सारे अभंगांतून मांडीत गेले. पुढे माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला.

इकडे द्वितीय पत्नी जिजाबाई ऊर्फ आवली भाकरी घेऊन डोंगर चढत. लोक त्यांना कजाग म्हणून मोकळे होतात, पण घरात दाणा नसता मुलेबाळे जगविली ती त्याच माउलीने. तुकोबांच्या एकांताची किंमत त्यांनीही मोजली आहे.

पुढेही परीक्षा चुकली नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पूर्वी खते त्यांनी आपण होऊन सोडली होती. ह्या वह्या म्हणजे मात्र त्यांचा जीवच. मन पुन्हा पेटले. तेरा दिवस अन्नपाण्यावाचून ते नदीकाठच्या शिळेवर पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तेच रामेश्वर भट पुढे त्यांचे भक्त झाले, आणि आपण म्हणतो ती तुकोबांची आरती त्यांचीच समजली जाते.

फाल्गुन वद्य द्वितीया शके १५७१, म्हणजे १६५० साली महाराज वैकुंठास गेले. साडेचार हजारांहून अधिक अभंग त्यांच्या नावे गाथेत आहेत. ते तेरा दिवस ज्या शिळेवर काढले ती शिळा देहूच्या मंदिरात आहे. देहूस गेलेला वारकरी तिच्यावर डोके टेकल्यावाचून परतत नाही.