विश्लेषण : सरकारी कचेरीतला ड्राफ्ट्समन ‘राजा’ कसा झाला? लाला दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यातली जुनी शहरे

खजुराहो, ओरछा, दतिया… आज यातल्या कुठल्याही गावात पोहोचले की पहिला हात मोबाइलकडे जातो. १८८२ मध्ये याच बुंदेलखंडातून एक सरकारी नोकर काचेच्या प्लेटांच्या पेट्या घेऊन फिरत होता. पुढे तो ‘राजा’ दीनदयाळ म्हणून ओळखला गेला. त्यांचे नाव निघाले की निजाम, महाराजे आणि व्हाइसरॉय यांचे फोटो आठवतात. पण ओसाड गढ्या, पडकी देवळे आणि बाजाररस्ते यांचे त्यांनी केलेले काम त्याहून जास्त उपयोगी ठरले.

रुरकीचा इंजिनीअर कॅमेऱ्याकडे कसा वळला?

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात झाले, म्हणजे आजच्या आयआयटी रुरकीत. १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. काम अंदाजपत्रके आणि नकाशे तयार करण्याचे होते. कॅमेरा हाती आला तो १८७४ च्या सुमारास, तिशीत. मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली आणि इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना पाठबळ दिले.

नकाशे काढणाऱ्या माणसाची नजर त्यांच्या फोटोंत दिसते. इमारत सरळ उभी असते, कमान कुठे कापलेली नसते, आणि अनेकदा भिंतीपाशी एखादा माणूस उभा केलेला असतो. ती शोभा नाही. त्या माणसावरून इमारतीची उंची कळते.

तेव्हा एक फोटो काढायला काय लागायचे?

१८७० च्या दशकात ‘ओली प्लेट’ वापरात होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी धुऊन काढायची. त्यामुळे अंधारखोली तंबूच्या रूपात सोबत न्यावी लागे. उन्हाळ्यात थर भराभर सुके, पाणी गढूळ असले तर डाग पडत. १८८० च्या सुमारास तयार ‘कोरडी प्लेट’ मिळू लागली आणि प्रवास सुटसुटीत झाला. तरी काचेचे वजन आणि ती फुटण्याची भीती कायम होती. फोटो मोठा हवा तर प्लेटही तेवढीच मोठी लागे, कारण ती कागदावर थेट टेकवूनच छपाई होत असे. कॅमेऱ्यासमोर हललेला माणूस पुसट येई. त्या काळातल्या कित्येक फोटोंत गजबजलेले रस्ते रिकामे वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

१८८२ चा दौरा महत्त्वाचा का?

डेली यांच्यानंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंडात फिरले. या भटकंतीतल्या आणि मध्य भारतातल्या इतर ठिकाणच्या फोटोंचे पुस्तक १८८६ मध्ये लंडनला निघाले : ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’. ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, ओरछा, दतिया, खजुराहो हे सगळे त्यात आहे. सांचीची पडलेली तोरणे पुन्हा उभी करण्याचे काम साधारण याच वर्षांत सुरू होते, त्यामुळे तिथले फोटो आज दुरुस्तीच्या काळातला पुरावा म्हणून पाहता येतात. पुस्तकातला मजकूर ग्रिफिन यांचा होता. पण मजकूर किती जण वाचतात? पुस्तक आजही चाळले जाते ते फोटोंसाठी.

नोकरी सोडली, पण घाईने नाही

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. दीनदयाळ यांनी आधी दोन वर्षांची रजा घेतली, देशभरातल्या दृश्यांची मालिका पूर्ण केली आणि मगच निवृत्ती घेतली. सरकारी नोकरीवर एकदम पाणी सोडणाऱ्यांतले ते नव्हते. दरम्यान सिकंदराबादला स्टुडिओ उभा राहिला. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केले, ‘राजा’ हा किताब दिला. १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ निघाला. तो एक इंग्रज बाई चालवत असत. १८९६ मध्ये मुंबईत फोर्टातल्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी मार्गावर, त्यांचा मोठा स्टुडिओ सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मराठवाड्याशी काय संबंध?

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हा निजामाच्या राज्यात होते. वेरूळची लेणी आणि दौलताबाद त्यांच्या कॅमेऱ्यात आले ते त्यामुळेच. पण याच भागातले दुसरे फोटो अस्वस्थ करतात. १८९९-१९०० च्या दुष्काळात मदतकार्याच्या नोंदीसाठी त्यांच्या स्टुडिओने काढलेल्या फोटोंत हाडांचे सापळे झालेली माणसे रांगेत बसवलेली दिसतात. मांडणी तीच, नीटस आणि मोजूनमापून, जशी एखाद्या कमानीची असावी. हे फोटो राज्याने काय मदत केली हे दाखवण्यासाठी काढवून घेतलेले होते. कोण उपाशी राहिले, का राहिले, हे त्यांत शोधायला गेले तर हाती फार लागत नाही. दीनदयाळ यांची जवळजवळ सगळी कारकीर्द सत्तेच्या आश्रयाने चालली, आणि ते फोटो बघताना हे विसरता येत नाही.

सगळे फोटो त्यांनीच काढले का?

नाही. भरभराटीच्या काळात स्टुडिओत बरेच सहायक होते, मुलेही कामात होती, आणि नाव मात्र एकच छापले जाई. पण एक सवय कामी आली. प्लेटवर क्रमांक घालण्याची शिस्त होती. त्या क्रमांकांच्या आधाराने अभ्यासक आज अनेक फोटोंचा काळ ठरवतात.

पुढे काय झाले?

थोरला मुलगा धरमचंद १९०४ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी मुंबईत दीनदयाळ यांचे निधन झाले. धाकटे ज्ञानचंद यांनी काम पुढे चालू ठेवले, पण पूर्वीचा पसारा राहिला नाही. काचेच्या प्लेटा मात्र कुटुंबाने जपल्या. १९८९ मध्ये त्यांतल्या २,८५७ प्लेटा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. आज त्या तिथे आहेत.