शेंडेनक्षत्रावर नेणारे भा. रा.

विज्ञानकथांची जुनी मासिकं जमवणारी माणसं जगभर आहेत. अमेरिकेत तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अंकांसाठी लोक चांगले पैसे मोजतात. कथा हवी असेल तर ती पुस्तकात मिळते, पण या मंडळींना तोच अंक हवा असतो. तेच मुखपृष्ठ, त्याच जाहिराती, तोच पिवळा पडलेला कागद, आणि कोपऱ्यात कुणीतरी शाईने लिहिलेलं स्वतःचं नाव. आपल्याकडे असं वेड कुणी लावलं असेल, असा विचार केला की मराठी वाचकाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते भास्कर रामचंद्र भागवत यांचं. सगळे त्यांना भा. रा. भागवत म्हणूनच ओळखतात. ज्यांना हे नावही आठवत नाही, त्यांना फास्टर फेणे नक्की आठवतो.

भा. रां.चा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी, अशा वातावरणात त्यांचं बालपण गेलं. आपल्यासारख्या सीमाभागातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगायला नको. घरी एक भाषा, बाजारात दुसरी आणि परीक्षेत तिसरी, हे आपण रोजच जगतो. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाचे कान भाषेच्या बाबतीत जरा जास्तच जागे असतात. भा. रां.चं मराठी वाचताना ते जाणवतं. शब्दांशी खेळायची त्यांना भारी हौस.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठीत विज्ञानकथा आली तीसुद्धा अशाच एका दूरच्या गावातून. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये केरळातल्या कोचीहून 'केरळ कोकिळ' नावाचं मराठी मासिक सुरू केलं. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचं मराठी रूप १९०० च्या सुमारास याच मासिकात क्रमशः येऊ लागलं. पुण्या-मुंबईतल्या वाचकाला चंद्राची वाट कोचीतल्या मासिकाने दाखवली. आणि पुढे मराठी मुलांना व्हर्नची खरी गोडी लावली ती इंदूरात जन्मलेल्या भा. रां.नी.

तरुणपणी भा. रा. आकाशवाणीच्या वृत्तविभागात नोकरीला होते. सरकारी नोकरी, नियमित पगार, सगळं ठीक चाललेलं. १९४२ साली 'चले जाव'ची चळवळ पेटली आणि त्यांनी ती नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली. त्या काळी संसारी माणसाने असं करणं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला आज येणार नाही. पुढे स्वातंत्र्य मिळालं. आता देश आपला, मग या देशातल्या मुलांनी वाचायचं काय? भा. रां.नी उरलेलं आयुष्य या एका प्रश्नाला दिलं, असं म्हटलं तरी चालेल.

१९५१ मध्ये त्यांनी 'बालमित्र' हे मुलांचं मासिक सुरू केलं. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक होत्या. आकाशवाणीवरच्या 'वनिता मंडळ' या कार्यक्रमामुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. म्हणजे घरात दोघंही मुलांसाठी लिहिणारी.

मुलांचं मासिक चालवणं हा पैसा मिळवायचा धंदा नव्हे, आजही नाही. वाचणाऱ्याच्या खिशात पैसे नसतात आणि ज्याच्या खिशात असतात तो वाचत नाही. जाहिराती बेताच्या. कागद, छपाई, चित्रं, टपाल, सगळ्याचा खर्च मात्र मोठ्यांच्या मासिकाएवढाच. त्यात महिन्याच्या महिन्याला अंक निघायलाच हवा, कारण कुठल्या तरी गावात एक मुलगा पोस्टमनची वाट बघत बसलेला असतो. 'बालमित्र' काही वर्षं चाललं आणि थांबलं. अशी कितीतरी मासिकं मराठीत आली आणि गेली. पण 'बालमित्र'चा संपादक थांबला नाही. मासिक गेलं तरी मासिकाचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून ते आयुष्यभर लिहीत राहिले.

आता ज्यूल व्हर्न. हा फ्रेंच लेखक १८२८ मध्ये जन्मला आणि १९०५ मध्ये गेला. गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी कादंबऱ्याही आधी मासिकातूनच आल्या. त्याचा प्रकाशक हेट्झेल याने १८६४ साली मुलांसाठी आणि कुटुंबासाठी एक नियतकालिक काढलं होतं, त्यात त्या क्रमशः छापल्या जात. भा. रां.नी या व्हर्नला मराठीत आणलं. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावंच पाहा. यांत कुठे परकेपणा वाटतो का? धूमकेतू हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. शेंडेनक्षत्र म्हटलं की आकाशात शेंडी उडवत चाललेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. गावाकडच्या जुन्या माणसांच्या तोंडचा शब्द भा. रां.नी उचलला आणि थेट अंतराळकथेच्या नावात बसवला. विज्ञान परकं वाटू नये यासाठी आधी शब्द घरचा हवा, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

या शेंडेनक्षत्राच्या कादंबरीला आणखी एक मोठा इतिहास आहे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या संपादकाने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं हे पहिलं मासिक. त्याच्या पहिल्याच अंकात व्हर्नची हीच कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि फ्रँक पॉलने काढलेलं मुखपृष्ठही तिचंच होतं. बर्फावर घसरत खेळणारी माणसं आणि मागे आकाशात भलामोठा शनी! गर्न्सबॅकच्या मासिकात वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापली जात. ते पत्ते पाहून वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले, त्यांची मंडळं झाली, ती मंडळं स्वतःच्या हौशी पत्रिका काढू लागली. १९३० साली शिकागोत निघालेली अशी पहिली पत्रिका मानतात, तिचं नाव 'द कॉमेट', म्हणजे पुन्हा शेंडेनक्षत्रच! जुनी मासिकं जपणाऱ्यांची ती सगळी जत्रा इथून सुरू झाली. आणि तीच कथा भा. रां.मुळे आपल्या मुलांच्या हातात मराठीत आली.

भा. रां.नी फक्त भाषांतरंच केली असं मात्र नाही. 'उडती छबकडी' हे त्यांचं स्वतःचं पुस्तक. त्या काळात उडत्या तबकड्यांची चर्चा सगळीकडे होती. भा. रां.नी तबकडीची छबकडी केली आणि भीतीच्या जागी हसू आणलं. पुस्तकवेडा बिपीन बुकलवार हीसुद्धा त्यांचीच निर्मिती. आणि मग आला बनेश फेणे.

फुरसुंगी हे पुण्याजवळचं गाव. तिथला हा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो. सायकल अशी दामटतो की पोरं त्याला फास्टर फेणे म्हणू लागतात. तोंडाने 'ट्टॉक्' असा आवाज काढायची त्याची सवय. प्रतापगड, काश्मीर, चक्रीवादळ, विमानचोर, कुठेही काही घडलं की हा तिथे हजर. खेड्यातून शहरात शिकायला आलेला, अंगाने बारीक, पण डोक्याने तल्लख. आपल्या कॉलेजात खानापूर, जांबोटी, कणकुंबीहून येणारी मुलं त्याला आपल्यातलाच समजतात यात नवल नाही. फेणेची वीस पुस्तकं झाली. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, तिच्यात सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ मध्ये अमेय वाघला घेऊन चित्रपट निघाला. ज्यांनी पुस्तकं वाचली नव्हती, त्यांनाही ट्टॉक् कळला.

फेणेच्या गोष्टी म्हणजे विज्ञानकथा नव्हेत, हे खरं. पण विज्ञानकथेला लागतो तसा वाचक त्यांनी तयार केला. प्रश्न विचारणारा, खुणा गोळा करणारा, घाबरला तरी पुढे जाणारा. ज्या मुलाने आधी फेणे वाचला, तो पुढे जयंत नारळीकरांच्या कथांपाशी पोचला तेव्हा त्याला अवघड गेलं नाही.

आता थोडं आपल्या बाजूचं. आमच्या कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं. घरात मीठ विरघळतं, कपडे वाळत नाहीत आणि कागदाला बुरशी धरते. अशा गावात जुनं मासिक टिकणं म्हणजे नशीबच. तरीही चोर्ला घाटाच्या या रस्त्याकडेच्या काही घरांत पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले अंक अजून सापडतात. कुणी बेळगावातून आणलेले, कुणी मुंबईला गिरणीत असताना घेतलेले, सुट्टीत गावी येताना पोरांसाठी आणलेले. त्यात 'चांदोबा' असतो, 'किशोर' असतो, अनंत अंतरकरांचं 'नवल' असतं. कव्हर फाटलेलं, मधली पानं गायब. पण वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नसे. गेलेल्या पानांवर काय असेल ते तो स्वतःच रचत असे. पाताळात उतरणाऱ्या माणसांची गोष्ट ज्याने नदीच्या उगमाशेजारी बसून वाचली, त्याला कुंडातल्या पाण्याखाली काय असेल हा प्रश्न पडल्याशिवाय राहील का?

आज ही घरं मोडून नवी होताहेत. ट्रंक उघडते, जुना कागद किलोवर रद्दीत जातो. देणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कारण त्या कागदाची किंमत त्याला कुणी सांगितलेलीच नाही. स्वस्त कागदावर छापलेली ही मासिकं तशीही फार काळ टिकत नाहीत. कागद आधी पिवळा होतो, मग ठिसूळ, आणि शेवटी हात लावला की तुकडे पडतात. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते, फेणेच्या निघाल्याच. मासिकाच्या अंकाची नवी आवृत्ती कुणी काढत नाही. तो गेला की त्यातली चित्रं, मुलांची पत्रं, कोडी आणि त्या वेळची भाषा सगळं गेलं. आपल्या भागात मराठी वाचणारी घरं होती आणि ती काय वाचत होती, याचा पुरावाही त्याबरोबर जातो.

भा. रा. २७ ऑक्टोबर २००१ रोजी गेले. वयाची नव्वदी ओलांडली होती. त्यांनी विज्ञान संशोधन केलं नाही की मोठमोठे सिद्धांत मांडले नाहीत. एक मासिक काढलं, ते फार काळ टिकलं नाही. पण चंद्र, पाताळ, समुद्रतळ आणि शेंडेनक्षत्र या चार ठिकाणी मराठी मुलांना घरच्या भाषेत फिरवून आणलं, आणि तेही कुठलाही उपदेश न करता. मुलांना कमी समजतं असं त्यांनी कधी धरलं नाही. म्हणूनच त्यांचं पुस्तक वयाच्या दहाव्या वर्षी वाचलेला माणूस साठीतही ते शोधत फिरतो.

मित्रांनो, या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर एकदा चढून बघा. जुना अंक सापडला तर उन्हात थेट ठेवू नका, सावलीत वारा लागेल असा सुकवा, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका आणि रद्दीवाल्याला देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्या. अंकावर कुणाचं नाव लिहिलेलं असेल तर त्याचाही. मग तो आपल्या मंडळाकडे आणा. आणि हो, आणण्याआधी एकदा वाचा. भा. रां.ना त्याहून जास्त काही नको असतं.