जेफ रास्किन : बोटांचे कष्ट मोजणारा माणूस

कॉम्प्युटरवर तुम्ही खाली बघून एक अख्खी ओळ टाइप करता आणि मान वर करता तर काय, मराठीऐवजी सगळी इंग्रजी अक्षरं! मग खोडा, भाषा बदला, पुन्हा टाइप करा. निकालपत्रक भरताना माझं तर हे हमखास होतं. अशा वेळी आपण स्वतःलाच वेंधळे म्हणतो. पण ही चूक आपली नसून यंत्र बनवणाऱ्याची आहे, असं मानणारा एक माणूस होऊन गेला. त्यांचं नाव जेफ रास्किन.

त्यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. गणित, भौतिकशास्त्र आणि मग संगणकशास्त्र ते शिकले. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मात्र त्यांनी कला हा विषय शिकवला. शिवाय ते उत्तम संगीतकार होते आणि उडत्या विमानांची मॉडेल्सही बनवत. जादा काही असलेलं त्यांना खपतच नसे. स्वतःच्या इंग्रजी नावात शेवटी दोन 'एफ' होते, त्यातला एक त्यांनी काढून टाकला!

१९७८ मध्ये ते ॲपल कंपनीत गेले. तिथे कॉम्प्युटर कसा वापरावा हे सांगणाऱ्या पुस्तिका त्यांनी तयार केल्या. समजावून सांगताना आपल्यालाच कळतं ना, की मूळ गोष्ट उगाच अवघड आहे! १९७९ मध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी सोप्या कॉम्प्युटरचं काम सुरू केलं आणि त्याला आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून मॅकिंटॉश हे नाव दिलं. पुढे स्टीव्ह जॉब्स यांच्याशी मतभेद झाले आणि १९८२ मध्ये रास्किन बाहेर पडले. १९८४ साली मॅकिंटॉश बाजारात आला, पण तो त्यांच्या मनातला नव्हता.

त्यांच्या मनातलं यंत्र १९८७ मध्ये आलं. कॅनन कंपनीचं 'कॅट'. मला त्याचा कीबोर्ड फार आवडतो. टाइप करताना आठ बोटं राबतात आणि दोन्ही अंगठे स्पेसबारपाशी जवळजवळ रिकामे बसतात, हे रास्किन यांनी हेरलं. म्हणून स्पेसबारच्या खाली त्यांनी अंगठ्यांसाठी दोन बटणं दिली. त्यांचं नाव 'लीप', म्हणजे उडी. उजवं लीप दाबून धरायचं आणि हवा तो शब्द टाइप करायचा, की कर्सर पुढे त्या शब्दावर जाऊन बसे. डाव्या बटणाने मागे. अंगठा उचलला की शोध संपला. तोच शब्द पुढे आणखी कुठे आहे का? मग शब्द परत टाइप करायचा नाही. 'यूज फ्रंट' नावाचं बटण धरून लीप दाबलं की पुढच्या ठिकाणी उडी, पुन्हा दाबलं की आणखी पुढे.

दाबून धरायचं का, तर हात विसरत नाही म्हणून. शिफ्ट धरलेलं असतं तेव्हा बोटाला ते जाणवतं. कॅप्स लॉक मात्र एकदा दाबला की आपण विसरतो आणि सगळी अक्षरं मोठी येतात. सुरुवातीला सांगितलेली भाषेची गंमतही याच जातीची!

कॅटची किंमत १४९५ डॉलर होती. माऊस नाही, चित्रं नाहीत. सुमारे २० हजार यंत्रं विकली गेली आणि थोड्याच महिन्यांत कॅननने ते बंद केलं. रास्किन यांच्या आयुष्यातली ही मोठी हार. माझ्या मते त्यांचं थोडं चुकलंही. माऊसवर त्यांचा राग जरा जास्तच होता. आमच्या दुसरीच्या मुलांना माऊसशिवाय चित्र काढायला सांगून बघा!

पण त्यांचा हिशोब खोटा नव्हता. २००० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी आधीच्या संशोधकांचे आकडे वापरून बोटांचे कष्ट मोजायला शिकवलं. एक बटण दाबायला ०.२ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४, बाण नेमक्या जागी न्यायला १.१ सेकंद. आता तुम्हीच करा. माऊसने 'पुढचं शोधा' वर क्लिक करून हात परत कीबोर्डवर आणायचा, म्हणजे ०.४ + १.१ + ०.२ + ०.४ = २.१ सेकंद. दोन बटणांनी ०.४ सेकंद. चाळीस ठिकाणी दुरुस्ती असेल तर ८४ सेकंद विरुद्ध १६!

शेवटपर्यंत ते लीपवर चालणाऱ्या 'आर्ची' नावाच्या नव्या प्रणालीवर काम करत होते. ती पूर्ण होण्याआधीच २६ फेब्रुवारी २००५ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

मुलांनो, आता एवढं करून बघा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये एक परिच्छेद लिहा. कंट्रोल आणि एफ दाबून एखादा शब्द शोधा, ती छोटी खिडकी बंद करा आणि मग नुसतं एफ-३ दाबत राहा. वर्डमध्ये एखादा शब्द ठळक करा, दुसरा शब्द निवडा आणि एफ-४ दाबा. काय झालं ते वहीत लिहून आणा. आणि हो, एफ-३ दाबायला बोट किती लांब न्यावं लागलं, तेही लिहा.