लेक्लांशेची दमणारी बॅटरी

बारावीला सायन्स घेतलेल्यांना लेक्लांशे हे नाव आठवेल. एका आकृतीखाली ते छापलेलं असतं आणि परीक्षा झाली की आपण ते विसरतो. पण त्या माणसाची गोष्ट आपल्यासारख्या वाङ्मयवाल्यांनीही वाचावी अशी आहे.

जॉर्ज लेक्लांशेचा जन्म १८३९ सालचा, फ्रान्समधला. राजकीय कारणांमुळे कुटुंबाला देश सोडावा लागला, म्हणून त्याचं शिक्षण आधी इंग्लंडमध्ये झालं. पुढे पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधून १८६० साली तो इंजिनिअर झाला आणि रेल्वेत नोकरीला लागला. रेल्वे म्हटली की तारायंत्र आलं, आणि तारायंत्र म्हटलं की बॅटऱ्या आल्या. त्या काळच्या बऱ्याच बॅटऱ्यांत तीव्र आम्ल असायचं. बॅटरी नुसती पडून असली तरी आतलं जस्त झिजत राहायचं.

१८६६ मध्ये लेक्लांशेने यावर तोड काढली. काचेच्या बरणीत आम्लाऐवजी नवसागराचं पाणी घातलं. आपले कल्हईवाले वापरतात, तोच हा नवसागर. त्यात एक जस्ताची कांडी, आणि शेजारी मातीच्या सच्छिद्र भांड्यात मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बन. जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं आणि ते तारेतून फिरून मँगनीजकडे पोचतात. दाब साधारण दीड व्होल्ट. वापर नसेल तेव्हा जस्त फारसं झिजत नाही, त्यामुळे अधूनमधून पाणी घातलं की बरणी महिनोन् महिने चालायची.

एक खोट मात्र होती. सलग वापरली की ही बॅटरी दमायची. कार्बनपाशी हायड्रोजन साठायचा आणि मँगनीज डायऑक्साइड तो सावकाशच संपवायचं. थोडा विसावा दिला की पुन्हा ताजीतवानी! तारायंत्राला, दारावरच्या घंटीला काम असतं ते क्षणभराचं, त्यामुळे तिथे ती चपखल बसली. बेल्जियमच्या तारखात्याने आणि नेदरलँड्सच्या रेल्वेने ती स्वीकारली.

१८८२ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, लेक्लांशे पॅरिसमध्ये वारला. त्याच दशकात जर्मनीच्या कार्ल गासनरने आतलं पातळ द्रावण घट्ट करून कोरडा सेल बनवला. टॉर्चमधला साधा सेल त्याच घराण्यातला.

पण वापरलेलं जस्त परत कसं मिळवायचं, हा प्रश्न राहिलाच. आजच्या झिंक-आयन बॅटरीत जोडी तीच असते, फक्त नवसागराऐवजी बहुधा झिंक सल्फेटचं पाणी असतं. जस्ताचे आयन मँगनीज डायऑक्साइडच्या स्फटिकातल्या बोगद्यांत शिरतात आणि चार्जिंग करताना माघारी येतात. खरी अडचण या परतीच्या वाटेवर आहे. जस्त सपाट बसत नाही, सुयांसारखं वाढतं. सुई पलीकडे पोचली की शॉर्ट सर्किट. शिवाय हायड्रोजन सुटतो आणि मँगनीज हळूहळू पाण्यात विरघळतं. तरीही लोक चिकाटीने मागे लागलेत, कारण जस्त स्वस्त आहे आणि पाणी पेट घेत नाही.

लेक्लांशेने जस्ताची जाण्याची वाट नीट करून दिली. परतीच्या वाटेचं काम अजून चालू आहे.