विजय मर्चंट : ७१ ची सरासरी असलेल्या क्रिकेटपटूने दिव्यांगांना गिरणीत नोकरी का दिली?

क्रिकेटप्रेमींना विजय मर्चंट दोन गोष्टींसाठी माहीत असतात. एक, प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ७१.६४ ची सरासरी, म्हणजे डॉन ब्रॅडमन यांच्या खालोखाल. दुसरी, १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष म्हणून दिलेलं निर्णायक मत, ज्यामुळे अजित वाडेकर कर्णधार झाले. त्यांचं तिसरं काम मात्र मैदानाबाहेरचं होतं.

१२ ऑक्टोबर १९११ ला मुंबईत जन्मलेले मर्चंट गिरणीमालक ठाकरसी घराण्यातले. आजारपणामुळे त्यांचे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिजचे दौरे हुकले. १९५१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांनी दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या. त्याच कसोटीत क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि कारकीर्द तिथेच संपली.

त्यांच्यामागे घरची हिंदुस्तान मिल होती. दृष्टी नसलेल्या किंवा अपघातात हात गमावलेल्या माणसामागे असं काही नसतं.

क्रिकेट सुटल्यावर मर्चंट दिव्यांगांच्या कामात उतरले. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'नॅब' या अंधांसाठीच्या संस्थेशी ते जोडले गेले. आपल्या गिरणीत त्यांनी दिव्यांगांना कामावर घेतलं आणि इतर ठिकाणीही त्यांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून खटपट केली.

नोकरीच का? काम नसलं की फक्त पगार बंद होत नाही. घराबाहेर पडणं कमी होतं, ओळखी तुटतात, घरात कुणी मत विचारत नाही. आपण ओझं आहोत असं वाटू लागतं आणि त्यातून नैराश्य येऊ शकतं. मदत घेतल्याने पोट भरतं, पण हजेरीपटावर नाव लागलं की माणूस घरातला कमावता होतो.

१९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. २७ ऑक्टोबर १९८७ ला मर्चंट यांचं निधन झालं.

आज २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यात मानसिक आजार असलेल्यांचाही समावेश आहे. खासगी कंपन्यांवर मात्र सक्ती नाही. त्यांच्याकडे किमान ५ टक्के कर्मचारी दिव्यांग असावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावं, इतकंच कायदा सांगतो. तिथे दिव्यांगाला कामावर घ्यायचं की नाही, हे मर्चंट यांच्या काळासारखंच आजही मालकाच्या मर्जीवर आहे.