जेऊरच्या छावणीतले नायगमवाला

करमाळा तालुक्यातले जेऊर आज बहुतेकांना रेल्वे स्थानक म्हणून ठाऊक आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी मात्र तेथे दूरदूरचे खगोलशास्त्रज्ञ तंबू ठोकून बसले होते. खग्रास सूर्यग्रहणाची पट्टी कोकण किनाऱ्यावरून सोलापूर जिल्ह्यातून नागपूरकडे जाणार होती. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते, जपानी तुकडीही आली होती. आणखी एक छावणी पुण्याची होती. तिचे प्रमुख होते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ साली जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि तेथेच शिकवू लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहायला आले आणि त्यांनी पाच हजार रुपये दिले. सरकारने तेवढीच भर घातली. दहा हजारांत वेधशाळा उभी करायची, तर करायचे काय, हे विचारायला नायगमवाला इंग्लंडला गेले. तारे नुसते पाहण्यापेक्षा त्यांचा प्रकाश वर्णपटात फोडून अभ्यासावा, असा सल्ला त्यांना मिळाला. सल्लागारांत नॉर्मन लॉकियर हे बडे नाव होते. पुढे नायगमवालांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत झाली आणि वेधशाळाही १८८८ च्या सुमारास तेथेच उभी राहिली.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे लॉकियर मांडत होते आणि त्यावर त्यांचा विश्वोत्पत्तीचा मोठा सिद्धान्त टेकला होता. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेतले, तेव्हा रेषा प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली. पट्ट्याची कडा अशी दिसत नाही. १८९१ मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. ज्यांनी वाट दाखवली, त्यांच्याच विरुद्ध साक्ष देणे वसाहतीतल्या तरुण प्राध्यापकाला सोपे नव्हते. ती रेषा ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ उजाडले.

पुण्याची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांची होती, वीस इंची आरशाची. दीर्घकाळ देशात तीच सर्वांत मोठी. इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांच्याकडेही ग्रब यांचीच वीस इंची दुर्बीण होती. तिच्यावर त्यांनी डिसेंबर १८८८ मध्ये देवयानीतल्या तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी काच तासन्‌तास प्रकाशात उघडी ठेवावी लागते आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांबरोबर अचूक फिरवावी लागते. काच धुतल्यावर त्यात सर्पिल वळणे उमटली, शेजारचे दोन लहान ठिपकेही आले. रॉबर्ट्स यांना वाटले, ही जन्माला येणारी सूर्यमाला असावी. प्रत्यक्षात ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका होती आणि ते दोन ठिपके म्हणजे तिच्या सोबतिणी. कार्तिकातल्या अंधाऱ्या रात्री गावाबाहेरून देवयानी नुसत्या डोळ्यांनीही पुसट दिसते. वळणे मात्र छायाचित्रातच कळतात.

नायगमवालांनी भर दिला तो वर्णपटांवर. तेच काम जेऊरला होते, पण येथे तासन्‌तास नव्हते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काचा बदलायच्या, झडपा उघडायच्या, मिटायच्या. हात चुकला तर सारी मोहीम वाया. आकाश स्वच्छ राहिले आणि काम साधले. या ग्रहणाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेधशाळा मात्र एका माणसाच्या जिवावर चालली होती. त्यांच्यामागून ती चालवील असा कोणी तयार झाला नाही. याचा दोष एकट्या नायगमवालांवर टाकणे बरे नव्हे, कॉलेजात खगोलशास्त्राला तशी जागाच नव्हती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकॅनॉलला रवाना झाली. नायगमवाला त्यानंतर २६ वर्षे जगले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. ती दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली आणि १९८० च्या दशकात नव्या वेधशाळेसाठी आकाश तपासायला लेहपर्यंत जाऊन आली.